निरोग्यांचें इन्शुलिन

एका सुशिक्षित घरांतील भगिनीनें विस्तारानें पत्र लिहून दोन प्रश्न विचारले आहेत, आणि त्यांपैकीं एक इतका निकडीचा आहे कीं, या महिन्यासाठीं योजिलेला विषय बाजूस ठेवणें मला इष्ट वाटलें. त्यांचे पति चव्वेचाळीस वर्षांचे, अंगानें सडपातळ आणि निर्व्यसनी. कचेरीतर्फे झालेल्या वार्षिक तपासणींत त्यांची उपाशीपोटींची साखर अगदीं बरोबर आली; मात्र त्याच रक्तांतील इन्शुलिन प्रमाणाबाहेर असल्याचा शेरा कागदावर पडला. सायंकाळीं तो कागद घरांत सर्वांनीं वाचला. इन्शुलिन वाढलें कीं हृदयास धोका, असें एक वाक्य कोणीतरी मोबाइलवर शोधून मोठ्यानें वाचून दाखविलें. त्यावर मामंजींनीं, जे गेलीं अकरा वर्षें दिवसांतून दोन वेळां इन्शुलिनची सुई घेत आले आहेत, दुसऱ्या दिवसापासून सुई घेण्याचें साफ नाकारलें. जें मुलाच्या अंगांत आपोआप वाढलें तर घातक, तें मीं पैसे मोजून विकत आणून कां टोंचून घ्यावें, हा त्यांचा सवाल आहे.

मासिकाच्या अंकाची वाट पाहण्याजोगी ही गोष्ट नव्हे, म्हणून त्या भगिनीस उत्तर त्याच दिवशीं धाडलें. परंतु असा युक्तिवाद करणारे मामंजी महाराष्ट्रांत एकाच घरीं असतील असें थोडेंच आहे? तेव्हां प्रथम तेवढें स्पष्ट सांगतों. डॉक्टरांनीं लिहून दिलेली इन्शुलिनची सुई स्वतःच्या तर्कावर कोणीही बंद करूं नये. ज्यांच्या शरीरांत इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाहीं (लहानपणीं किंवा ऐन तारुण्यांत जडणारा मधुमेह बहुधा या जातीचा असतो), त्यांनीं ती थांबविल्यास एक-दोन दिवसांतच रक्तांत आम्लें सांचून प्राणावर बेततें. उतारवयांतील मधुमेह्यावर संकट इतक्या तडकाफडकीं न आलें तरी साखर चढत जाते, लघवीवाटे शरीरांतील पाणी ओढलें जातें, आणि एखाद्या साध्या तापाचें निमित्त होऊन मनुष्य बेशुद्ध पडूं शकतो. सुईचें प्रमाण कमी करावयाचें असेल, औषध बदलावयाचें असेल, तर तें काम ज्यांनीं सुरू केलें त्यांच्याच सल्ल्यानें व्हावें.

आतां मामंजींच्या सवालाकडे वळूं. कारण तो सवाल मूर्खपणाचा नाहीं. त्यांत जो दोष आहे तो तर्कशास्त्रांतला आहे, आणि तो समजून घेण्यासाठीं इन्शुलिन म्हणजे काय हें थोडें मुळापासून पाहिलें पाहिजे.

जठराच्या मागें स्वादुपिंड नांवाची एक ग्रंथि आहे. १८६९ सालीं पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्यानें सूक्ष्मदर्शकांतून तिच्यांत पेशींचे निराळे पुंजके पाहिले. समुद्रांत बेटें दिसावींत तसे ते विखुरलेले होते. लॅटिन भाषेंत बेटास 'इन्सुला' म्हणतात. त्यावरून तेथें पाझरणाऱ्या द्रव्याचें नांव इन्शुलिन पडलें. १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें फ्रेडरिक बँटिंग आणि चार्लस बेस्ट यांनीं कुत्र्याच्या स्वादुपिंडापासून हें द्रव्य वेगळें काढलें, कॉलिप यांनीं तें शुद्ध केलें, आणि जानेवारी १९२२ मध्यें लिओनार्ड टॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलास तें टोंचण्यांत आलें. तोंपर्यंत अशा मुलांस जवळजवळ उपाशी ठेवून कांहीं महिने, फार तर एक-दोन वर्षें जगविणें एवढाच इलाज वैद्यकाच्या हातीं होता. तो मुलगा पुढें तेरा वर्षें जगला. ज्या द्रव्यानें मरणाच्या दारांतून मुलें परत आणलीं त्यास सरसकट विष म्हणतां येईल काय, हें मामंजींनींच ठरवावें.

या द्रव्याचें काम काय? आपण भात-पोळी खातों, तिची साखर होऊन ती रक्तांत येते. रक्तांतील ही साखर स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींनीं आंत घ्यावी, आणि यकृतानें आपल्या कोठारांतील साखर त्या वेळीं बाहेर सोडूं नये, असा हुकूम इन्शुलिन देतें. मी जन्मभर शाळेंत घालविल्यामुळें मला शाळेचाच दृष्टांत सुचतो. घंटेचा एक टोला पडतांच मुलें निमूटपणें वर्गांत जातात, अशी एक शाळा. दुसऱ्या शाळेंत एका टोल्यानें कोणी हलत नाहीं. शिपायानें तीन-चार वेळां जोरजोरानें घंटा बडविली म्हणजे मुलें आंत जातात. दहा वाजून पांच मिनिटांनीं दिवाणी साहेब तपासणीस आले, तर त्यांना दोन्ही पटांगणें सारखींच मोकळीं दिसतील आणि दोन्ही शाळांना ते सारखाच शेरा देतील. शिपायाचा हात किती दुखतो आहे हें त्यांना कसें कळावें? पेशी जेव्हां अशा बधिर होतात, तेव्हां स्वादुपिंड अधिक इन्शुलिन पाझरून वेळ निभावून नेतें. याला आपण इन्शुलिन-प्रतिरोध म्हणूं. साखरेचा आंकडा वर्षानुवर्षें चोख राहतो. घंटेचा आवाज मात्र वाढत जातो. पुढें कांहींचा शिपाई थकतो, म्हणजे स्वादुपिंड पुरें पडत नाहीं, आणि मग साखर वाढून मधुमेह उघडा पडतो. कांहींचा शिपाई आयुष्यभर थकत नाहीं. त्यांना मधुमेह होत नाहीं, पण मोठ्या घंटेचे इतर परिणाम चुकतातच असें नाहीं.

लंडनचे डॉक्टर हिम्सवर्थ यांनीं १९३६ सालींच दाखविलें होतें कीं, कांहीं मधुमेही इन्शुलिनला चटकन् दाद देतात आणि कांहीं देत नाहींत. परंतु रक्तांतील इन्शुलिन अचूक मोजण्याचें साधन त्या वेळीं नव्हतें. तें रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन या जोडीनें १९६० च्या सुमारास न्यूयॉर्क येथें तयार केलें, आणि त्यांना असें आढळलें कीं, प्रौढपणीं मधुमेह झालेल्या पुष्कळांच्या रक्तांत इन्शुलिन कमी नसून उलट जास्तच आहे. बर्सन १९७२ सालीं वारले. यॅलोबाईंना १९७७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

हिशेबाची आवड असणाऱ्या वाचकांसाठीं एक गणित देतों. १९८५ सालीं ऑक्सफर्ड येथील संशोधकांनीं एक साधें सूत्र मांडलें. उपाशीपोटींची साखर (मिलिग्रॅमांत) गुणिले उपाशीपोटींचें इन्शुलिन (मायक्रोयुनिटांत), भागिले ४०५. समजा, दोन भावांची साखर ९०-९० आहे. धाकट्याचें इन्शुलिन ६ आहे : ९० गुणिले ६ म्हणजे ५४०, भागिले ४०५, उत्तर सुमारें १.३. थोरल्याचें इन्शुलिन १८ आहे : गुणाकार १६२०, उत्तर बरोबर ४. साखर एकच, पण थोरल्याच्या शिपायाला तिप्पट घंटा बडवावी लागते. असें असलें तरी या आंकड्यास सोन्याच्या वजनाची किंमत देऊं नये. इन्शुलिन मोजण्याच्या पद्धति प्रयोगशाळेगणिक निराळ्या आहेत, एकाच माणसाचा आंकडा दिवसादिवसाला बदलतो, आणि अमुक रेषेच्या पलीकडे रोग असें सर्वमान्य प्रमाण ठरलेलें नाहीं. म्हणूनच धडधाकट माणसांनीं सरसकट ही तपासणी करून घ्यावी असा वैद्यकाचा आग्रह नाहीं. पत्रांतील गृहस्थांनीं एका कागदावरून झोंप उडवून घेण्याचें कारण नाहीं. कागद मात्र फेकूनही देऊं नये.

तो कां फेकूं नये हें हृदयाच्या प्रकरणावरून कळेल. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथील पोलिसांची एक पाहणी प्रसिद्ध आहे. हृदयविकार किंवा मधुमेह नसलेले ९७० पोलीस, वय ३४ ते ६४. त्यांचें इन्शुलिन मोजून ठेवलें आणि पुढें बावीस वर्षें त्यांच्यावर नजर ठेवली. १९९८ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला त्यांत, ज्यांचें इन्शुलिन आरंभीं अधिक होतें त्यांच्यांत हृदयविकाराचे झटके अधिक आढळले. जसजशीं वर्षें लोटलीं तसतसा त्या आंकड्याच्या भविष्याचा जोर ओसरत गेला, हेंही त्या संशोधकांनीं प्रामाणिकपणें नमूद केलें आहे. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांतील १९९६ च्या अहवालांतही, मधुमेह नसतां पुढें हृदयविकार झालेल्या पुरुषांचें उपाशीपोटींचें इन्शुलिन इतरांहून १८ टक्के जास्त होतें असें आढळलें. त्यापूर्वीं १९८८ सालीं अमेरिकेंतील जेरल्ड रीव्हन यांनीं एका व्याख्यानांत ही सगळी गुंतागुंत एका सूत्रांत ओंवून दाखविली होती. इन्शुलिन-प्रतिरोध जेथें असतो तेथें रक्तांतील ट्रायग्लिसराइड नांवाची चरबी वाढलेली, हितकर कोलेस्टेरॉल उतरलेलें आणि रक्तदाब चढलेला असें टोळकें एकत्र दिसतें. या टोळक्यास त्यांनीं 'सिंड्रोम एक्स' असें गूढ नांव दिलें.

हें टोळकें एकत्र कां येतें, याचा थोडाफार उलगडा झाला आहे. साखरेच्या बाबतींत बधिर झालेलें शरीर इन्शुलिनचे इतर हुकूम मात्र ऐकत राहतें. मूत्रपिंडास मीठ राखून ठेवण्याचा हुकूम जातो, त्यानें रक्तदाबास हातभार लागतो. यकृत चरबी तयार करून रक्तांत लोटीत राहतें. पोटांतील चरबीची कोठारें बंद राहावयास हवींत, तीं बंद राहत नाहींत. अशा रक्तानें हृदयाच्या रोहिण्यांचें अस्तर वर्षानुवर्षें धुतलें गेलें म्हणजे तेथें काय सांचेल तें सांगावयास नको.

आणि येथेंच मामंजींच्या तर्कांतील दोष सांपडतो. न्यायशास्त्र शिकतांना पर्वतावरील धुराचें उदाहरण आम्हांस प्रथम सांगत. धूर दिसला कीं अग्नीचें अनुमान करावें हें योग्य. पण म्हणून धूर हें अग्नीचें कारण ठरत नाहीं, आणि पंख्यानें धूर उडविला म्हणून अग्नि विझत नाहीं. निरोग्याच्या अंगीं वाढलेलें इन्शुलिन हा मुख्यत्वें धूर आहे. बधिर झालेल्या पेशी हा अग्नि. त्या धुराचाही स्वतःचा थोडा उपद्रव असेल काय, याविषयीं विद्वानांत वाद आहे, तो मी येथें लपवीत नाहीं. परंतु मधुमेह्यास बाहेरून दिलेल्या इन्शुलिननें हृदय बिघडतें काय, हा प्रश्न केवळ अनुमानावर सोडलेला नाहीं. तो प्रत्यक्ष प्रयोगानें तपासला आहे. अनेक देशांतील १२,५३७ माणसांवर सहा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निकाल २०१२ सालीं लागला. मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था असलेल्या या माणसांपैकीं निम्म्यांस रोज इन्शुलिन दिलें, निम्म्यांस नेहमींचे उपचार. हृदयविकाराचें प्रमाण दोन्हींकडे सारखेंच राहिलें. इन्शुलिन घेणाऱ्यांचें वजन किंचित् वाढलें आणि साखर एकदम उतरण्याचे प्रसंग अधिक आले, एवढा फरक पडला. तो लक्षांत ठेवावाच, पण हृदयाची भीति बाळगून सुई टाकण्यास त्यांत कांहीं आधार नाहीं.

आतां दुसरा प्रश्न. माणूस सडपातळ असतां हें त्याच्या वांट्यास कां यावें? याचें उत्तर शोधण्यांत आपल्या पुण्याचा वांटा मोठा आहे, हें सांगतांना अभिमान वाटतो. के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवती मातांचा व त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तेथील अर्भकांचें सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील अर्भकांचें ३.५ किलो. पण आपलें बाळ हडकुळें असलें तरी त्याच्या त्वचेखालील चरबी त्या मानानें घटलेली नव्हती. कमी पडलें होतें तें मांस. पुढें २००२ सालीं त्यांनीं नाळेंतील रक्त तपासून दाखविलें कीं, पुण्याच्या अर्भकांत इन्शुलिनही लंडनच्या गोऱ्या अर्भकांपेक्षां जास्त आहे. म्हणजे हें देणें जन्मतःच अंगीं लागलेलें! २००४ सालीं 'लॅन्सेट' या पत्रांत त्यांनीं स्वतःचें आणि आपले इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांचें छायाचित्रच छापलें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदीं एक, २२.३, पण चरबी मोजतां इंग्रज गृहस्थांच्या अंगीं ९.१ टक्के, आणि आमच्या पुणेकरांच्या अंगीं २१.२ टक्के. कांटा दोघांनाही सारखेंच प्रशस्तिपत्र देतो. कांट्यास आंतलें काय दिसणार?

आपल्या प्राचीन ग्रंथांत सर्व कांहीं आधींच सांगितलें आहे असें म्हणण्याची एक खोड आपल्याकडे आहे. ती मला मान्य नाहीं. चरकास किंवा सुश्रुतास इन्शुलिन ठाऊक नव्हतें. पण निरीक्षण त्यांचें होतें, आणि तें पक्कें होतें. बैठकीचें सुख, झोंपेचें सुख, दहीं, नवें धान्य, गुळाचे पदार्थ, अशी प्रमेहाच्या कारणांची यादी चरकसंहितेंत आहे. सुश्रुतानें प्रमेहाचे दोन वर्ग केले, एक जन्मजात आणि दुसरा अपथ्यानें जडणारा. पहिल्यांतला रोगी कृश आणि दुसऱ्यांतला स्थूल, असा भेदही सांगितला. त्याचा एक उपचार तर मला फार आवडतो : रोग्यानें जोडा-छत्रीवांचून शेंकडों कोस पायीं जावें, किंवा विहीर खणावी. आजच्या फ्लॅटांतील माणसानें विहीर कोठें खणावी हा प्रश्न आहे खरा, पण तत्त्व सोडण्याजोगें नाहीं. कारण स्नायु आंखडतो-प्रसरतो तेव्हां तो रक्तांतील साखर इन्शुलिनच्या हुकमावांचूनही आंत ओढून घेतो, आणि एकदां चांगलें चालल्याचा गुण पुढें दिवसभर, कधीं त्याहूनही अधिक टिकतो.

येथें खर्च कांहीं नाहीं आणि फळ सिद्ध आहे. अमेरिकेंत २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसांस आहारविहार सुधारण्यास लावलें, तेव्हां मधुमेहाचें प्रमाण ५८ टक्क्यांनीं घटलें. गोळी दिलेल्यांत तें ३१ टक्क्यांनींच घटलें. चेन्नईच्या प्रयोगांत (२००६) आपल्या लोकांत हा लाभ २८.५ टक्के भरला. अमेरिकेहून कमी, पण हातचा सोडावा असा नव्हे. मेलबर्न येथील २०१२ च्या एका लहानशा प्रयोगांत, बसून राहणाऱ्या माणसांना दर वीस मिनिटांनीं फक्त दोन मिनिटें सावकाश चालविलें, तर जेवणानंतरची साखर आणि इन्शुलिन दोन्ही सुमारें चतुर्थांशानें कमी चढलीं. कचेरींतल्या माणसानें पाण्याचा तांब्या टेबलाजवळ न ठेवतां लांब ठेवावा म्हणजे हें आपोआप घडेल. झोंपेचेंही तसेंच. शिकागो येथें १९९९ सालीं अकरा निरोगी तरुणांस सहा रात्री चार-चार तासच झोंपूं दिलें, तेव्हां साखर पचविण्याची त्यांची शक्ति स्पष्टपणें मंदावली.

स्वयंपाकघराविषयीं फार लिहीत नाहीं. गृहिणींस तें माझ्याहून अधिक कळतें. दोन गोष्टी मात्र बोलतों. एकादशीस साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि रताळ्याच्या गोड फोडी खाऊन आपण पोटास विश्रांति दिली असें मानणें ही निव्वळ फसवणूक आहे; साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिठूळ सत्त्व, त्याची साखर होण्यास वेळ लागत नाहीं. उपास करावयाचाच तर तो खराखुरा, आणि मधुमेह्यानें डॉक्टरांस विचारून. दुसरी गोष्ट चहाची. दिवसांतून पांच वेळां दोन-दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे; महिन्याचा हिशेब वाचकांनींच करावा. याउलट ताटाची डावी-उजवी बाजू, म्हणजे कोशिंबीर, भाजी, उसळ, वरण, आधीं आणि भरपूर, व भात मागून आणि बेताचा, हा क्रम चांगला.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीनें पतीचा कागद कळविला, मामंजींचा हट्ट कळविला; पण साऱ्या पत्रांत त्यांचा स्वतःचा एकही आंकडा नाहीं. कचेरीची तपासणी पुरुषांना मिळते, वृद्धांना मुलें नेतात, आणि सर्वांचें झाल्यावर रात्रीं दहाला जेवणारी सून मात्र कोणाच्याच यादींत नसते. गरोदरपणीं जिची साखर वाढली होती तिला पुढें मधुमेहाचा धोका इतर स्त्रियांहून पुष्कळ अधिक असतो. म्हणून माझी सूचना अशी कीं, घरांतील प्रत्येक प्रौढ माणसाच्या नांवापुढें पांच गोष्टी एका वहींत लिहाव्या : कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटींची साखर, ट्रायग्लिसराइड आणि हितकर कोलेस्टेरॉल. आपल्या लोकांसाठीं घेराची मर्यादा पुरुषांस ९० आणि स्त्रियांस ८० सेंटिमीटर धरतात. रक्तदाब १३० वर ८५, साखर १००, ट्रायग्लिसराइड १५०, आणि हितकर कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० हून कमी नसावें. पांचांपैकीं तीन बिघडलेलीं आढळलीं तर रीव्हनसाहेबांचें टोळकें घरांत शिरलें असें समजून डॉक्टरांकडे जावें. इन्शुलिनची महागडी तपासणी न करतांही बहुतेक काम यांतून भागतें.

घेर मोजतांना एक काळजी घ्यावी. आपली पँट चौतीस इंची म्हणून आपली कंबर चौतीस, असें पुष्कळ गृहस्थ छातीठोकपणें सांगतात. पण त्यांचा पट्टा पोटाच्या खालीं घसरलेला असतो, आणि मोजावयाचें असतें तें पोट. शेवटची बरगडी आणि कमरेचें हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आंत न ओढतां, शिवणकामाच्या टेपानें मोजावें. टेप दुसऱ्याच्या हातीं द्यावा.